अंथरुणावरच्या माणसाचे खाते कोणते?

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सचिव, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग
मंत्रालय, मुंबई

विषय : अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना पैसे घेऊन सांभाळणाऱ्या केअर सेंटरची नोंदणी व तपासणी, आणि तिथल्या हेळसांडीची गुन्हा म्हणून नोंद होण्याबाबत.

महोदय,

दोन्ही खात्यांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. वेगवेगळी लिहिली तर काय होते ते नोकरीत पुष्कळ पाहिले. सामाजिक न्याय विभाग म्हणतो, ड्रेसिंग आणि कॅथेटर (लघवीची नळी) हा आरोग्याचा विषय. आरोग्य विभाग म्हणतो, वृद्धाश्रम आमच्याकडे येत नाहीत. आणि या दोघांच्या मधल्या जागेत, भाड्याने घेतलेल्या एखाद्या बंगल्याच्या हॉलमध्ये, पंधरा-वीस म्हातारी माणसे आढ्याकडे बघत पडलेली असतात. त्यांचे खाते कोणते हे सरकारने अजून ठरवलेले नाही. ते ठरवावे, एवढ्यासाठी हे पत्र.

मी जिल्हा रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा काळ स्त्री मेडिकल वॉर्डात गेला. सुरुवातीच्या वर्षांत अंथरुणाला खिळलेल्या आजी यायच्या त्या घरून यायच्या. पुढेपुढे केसपेपरवर पत्त्याच्या जागी केअर सेंटरची नावे दिसू लागली. सोबत नातेवाईक नसायचा, सेंटरचा एखादा पोऱ्या असायचा. त्याला आजींचे वयही माहीत नसायचे. आजी शेवटचे कधी जेवल्या हे विचारले तर तो फोन काढून मॅनेजरला विचारायचा.

मुळात अशा जागांची गरज आहे, हे मी मान्य करूनच पुढे लिहिते. अर्धांगवायू झालेला, खुब्याचे हाड मोडलेला किंवा स्मृतिभ्रंशाने रात्रभर जागणारा माणूस दोन खोल्यांच्या घरात, दोघे नोकरी करणाऱ्या जोडप्याने सांभाळणे किती कठीण असते ते मी हजारो नातेवाइकांच्या तोंडावर वाचले आहे. मायेने चालवलेली सेंटर मी पाहिली आहेत. तिथल्या मावश्यांच्या हाताला वळण आहे आणि तिथली माणसे स्वच्छ, पोटभर आणि टापटीप असतात. म्हणून मुलांनी टाकून दिले, संस्कृती बुडाली, हा सूर मी लावणार नाही. तो लावणाऱ्यांनी एकदा एका आठवड्याच्या रात्रपाळ्या करून पाहाव्यात.

पण हाच सूर कायद्यातही शिरला आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी व कल्याणासाठी २००७ साली केलेला कायदा बहुतांशी मुलगा-सून हेच आरोपी धरून बेतलेला आहे. प्रांतांपुढचे (उपविभागीय अधिकाऱ्यांपुढचे) न्यायाधिकरण मुलांकडून महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये निर्वाहासाठी मिळवून देऊ शकते. केअर सेंटरच्या विरोधातली तक्रार त्या न्यायाधिकरणापुढे चालतच नाही. कलम २४ प्रमाणे, आपल्या देखभालीत असलेल्या वृद्धाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठेतरी सोडून जाणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. टाकून न देता, गादीवरच ठेवून, महिन्याच्या महिन्याला बिल पाठवत सडवले तर मात्र या कायद्याकडे उत्तर नाही. केंद्राने २०१९ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्ती विधेयक आणले होते. त्यात वृद्धांच्या छळाची व्याख्या होती, निवासी सेवाकेंद्रांची सक्तीची नोंदणी होती, किमान निकष होते, प्रत्येक पोलिस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक नेमलेला अधिकारी होता. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा संपली तेव्हा तिच्याबरोबर विधेयकही संपले. दिल्लीची वाट पाहू नका, असे मला म्हणायचे आहे. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्याच्या यादीतला विषय आहे.

आता मुद्द्याचे. हेळसांड ओळखायची कशी? मारहाणीच्या खुणा शोधत बसलात तर हाती फार काही लागणार नाही. या जागांमध्ये हात उगारला जातो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा हात फिरवलाच जात नाही. त्याचा पुरावा पाठीवर असतो.

बेडसोर म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक असेल, पण ते कागदावर. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा तुटतो. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू या ठरलेल्या जागा. पहिल्या पायरीला कातडी लाल होते आणि बोटाने दाबून सोडली तरी लाली जात नाही. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसतही नाही, हाताला ती जागा गरम आणि कडक लागते, म्हणून हात लावून बघावे लागते. दुसऱ्या पायरीला कातडी सोलवटते किंवा फोड येतो. तिसरीत कातडीखालची चरबी दिसते. चौथीत स्नायू किंवा हाड. चौथ्या पायरीच्या जखमेचे ड्रेसिंग करताना चिमट्याचे टोक हाडाला लागते तेव्हा होणारा आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. अशी जखम घेऊन आलेल्या बाईंबद्दल सेंटरचा मॅनेजर फोनवर सांगतो, ‘कालच दिसली, सिस्टर.’

कालच दिसली असेल, पण काल झालेली नसते. पहिल्या पायरीपासून चौथीपर्यंत जायला दिवस, कधी आठवडे लागतात. तेवढ्या काळात रोज कोणीतरी त्या बाईचे डायपर बदलले, किंवा बदललेच नाही. दोन्हीपैकी काहीही खरे असले तरी उत्तर सेंटरलाच द्यायचे आहे. इथे न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी: प्रत्येक बेडसोर ही हेळसांड नसते. शेवटच्या दिवसांत, रक्ताभिसरण मंदावलेले आणि अन्न अंगी लागत नसलेले असले की उत्तम शुश्रूषा असूनही कातडी साथ सोडते. फरक कागदावरून कळतो. जिथे काळजी घेतली जाते तिथे कूस बदलल्याचा तक्ता असतो, एअर बेड चालू असतो (नुसता असणे पुरेसे नाही, कित्येकदा त्याचा पंप बंद करून ठेवलेला असतो, आवाज होतो म्हणून), जखम पहिल्यांदा दिसली त्या तारखेची नोंद असते, डॉक्टरांना आणि घरी कळवलेले असते. जिथे यातले काहीच नाही, तिथे ती जखम पुराव्यादाखल धरायला हवी.

तिच्या आजूबाजूला बाकीच्या खुणा सापडतात. मनगटावर आणि घोट्यावर गोल, काळपट वळ. सुती ओढणीने बांधले तरी ते उठतात. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे. गरज नसताना घातलेला कॅथेटर, कारण डायपर महाग पडतात. महिन्या-दोन महिन्यांत गळ्याची हाडे वर आलेली. सुकलेली जीभ. अनेक दिवस शौच न झाल्यामुळे दगडासारखे पोट. गुडघे छातीशी आखडून बसलेले सांधे. आणि दिवसाढवळ्या झोप. भेटायला गेले की ‘आत्ताच झोपल्यात’ हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आले तर गोळ्यांची यादी मागावी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांनी अशा वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ पासून त्या औषधांवर छापायला लावला आहे. आपल्याकडे तीच गोळी रात्रपाळीची मावशी हाताच्या अंदाजाने अर्धी करून देते.

त्या मावशीला मी दोष देत नाही. साधा हिशेब करू. खाटेला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची असा आमचा नियम. ओला डायपर बदलून, पाठ पुसून, चादर ताणून, उशी लावून कूस बदलायला माणशी सात मिनिटे धरा. एकटीने करायचे तर तेवढ्यात भागत नाही, पण धरा. वीस माणसांना एकशे चाळीस मिनिटे झाली. दोन तास म्हणजे एकशे वीस. म्हणजे एका मावशीने रात्रभर क्षणभर न बसता काम केले तरी शेवटच्या खाटेपर्यंत जाण्याआधीच पहिल्या खाटेची पाळी उलटून गेलेली असते. आणि मध्ये एखादे आजोबा उठून पडले तर? वीस खाटांमागे रात्री एक बाई ठेवणाऱ्या मालकाने बेडसोर त्याच दिवशी ठरवलेला असतो. पोलिस आले की मात्र पकडली जाते ती मावशी. बारा तासांची पाळी, कामाला माणसे पुरवणाऱ्या ब्युरोचे कमिशन कापून हातात येणारा पगार, कसलेही प्रशिक्षण नाही. जबाबदारीचा धागा तिच्यापाशी तुटता कामा नये. तो नफा कुणाच्या खात्यात जातो तिथपर्यंत ओढत नेला पाहिजे.

जून २०२५ मध्ये नोएडाच्या सेक्टर ५५ मधल्या एका वृद्धाश्रमावर उत्तर प्रदेशच्या महिला आयोगाने आणि पोलिसांनी छापा घातला. जवळजवळ चाळीस वृद्ध तिथून बाहेर काढले. एका बाईंचे हात बांधलेले होते, काही जण कोंडलेले होते. छापा पडला तो कोणी तपासणीला गेले म्हणून नव्हे, एक व्हिडिओ पसरला म्हणून. तसा व्हिडिओ पसरण्याची वाट बघत आपण स्वस्थ बसायचे का?

आता कायदा. आपल्याकडे तो नाही असे समजून सगळे हात वर करतात. माझे म्हणणे उलट आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृहे नोंदणी अधिनियम १९४९ सालचा आहे, मुंबई प्रांत असतानाचा. त्यातली शुश्रूषागृहाची व्याख्या काढून वाचा. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा करण्यासाठी वापरली जाणारी जागा, असा तिचा आशय आहे. आजारी आणि जखमी यांच्याबरोबरीने दुर्बल माणूस तिथे पंचाहत्तर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला आहे. त्या कायद्यात पात्र परिचारिका योग्य प्रमाणात नसतील तर नोंदणी नाकारण्याचा अधिकार आहे, जागेत शिरून तपासणी करण्याचा अधिकार आहे, नोंदणीशिवाय चालवल्यास शिक्षा आहे. आपण तो फक्त ऑपरेशन थिएटर असलेल्या दवाखान्यांपुरता वापरतो.

सेंटरवाल्यांचा बचाव ठरलेला असतो: ‘आम्ही उपचार करत नाही, फक्त सांभाळतो.’ मग नाकातल्या नळीने दिवसातून पाच-सहा वेळा भरवणे काय आहे? ती नळी पोटात आहे की श्वासनलिकेत, हे न तपासता भरवले तर माणूस न्यूमोनियाने जातो. इन्सुलिन टोचणे, कॅथेटर बदलणे, जखमेचे ड्रेसिंग, ऑक्सिजन लावणे, झोपेची गोळी ठरवणे हे उपचार नाहीत तर काय आहे? यांच्याच जाहिरातीत ‘चोवीस तास नर्सिंग, डॉक्टर ऑन कॉल’ असे ठळक छापलेले असते. जाहिरातीपुरते दवाखाना आणि नोंदणीच्या वेळी धर्मशाळा, हे चालू देऊ नये. आरोग्य विभागाने एक परिपत्रक काढावे: नळीने भरवणे, कॅथेटर, इंजेक्शन किंवा जखमेची निगा यांपैकी काहीही जिथे पैसे घेऊन केले जाते, ती जागा या अधिनियमाखाली शुश्रूषागृह मानली जाईल, मग पाटीवर काहीही लिहिलेले असो. महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना मोजणी करायला सांगावे. न्यायालयात कोणी आव्हान दिले तर देऊ दे. निदान न्यायालय त्यावर काही बोलेल. डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर १३ डिसेंबर २०१८ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने जिल्हावार वृद्धाश्रमांची आणि तिथल्या वैद्यकीय सोयींची माहिती राज्यांकडून गोळा करायला सांगितले होते. आपण पाठवलेल्या माहितीत ही केअर सेंटर होती का, हे सामाजिक न्याय विभागाने आता तरी जाहीर करावे.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी आणखी एक कायदा तयारच आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधली मानसिक आजाराची व्याख्या स्मरणशक्ती आणि भान यांच्या गंभीर बिघाडालाही कवेत घेते, आणि असे रुग्ण ठेवून घेणाऱ्या जागेला नोंदणी लागते. साखळीने बांधायला त्यात सरसकट बंदी आहे. इतर प्रकारे बांधून ठेवायचे तर ते केवळ तातडीचा धोका टाळण्यासाठी, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, लेखी नोंद करून; आणि चोवीस तासांच्या आत रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवून. कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणाने बांधता येणार नाही, हेही तिथे लिहिलेले आहे. ज्याने कोणी ही ओळ घातली त्याने वॉर्ड पाहिलेला असणार.

पोलिस ठाण्यात मात्र यातले काही पोहोचलेले नाही. तिथे अशी तक्रार गेली तर फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते. ठाणे अंमलदारांना दोष देण्याआधी त्यांच्या हाती कलमे तरी द्या. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५७ नेमके याच प्रसंगासाठी आहे: असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणारा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हाच दंड दोनशे रुपये होता, तेव्हा प्रगती आहे म्हणायची; महिन्याला पंचवीस-तीस हजार घेणाऱ्या सेंटरला तो एका खाटेच्या आठवड्याभराच्या भाड्याइतकाही पडत नाही. पण त्या एका कलमावर थांबायचे कारण नाही. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत पंधरा दिवस तीव्र शारीरिक वेदना देणारी इजा येते. चौथ्या पायरीचा बेडसोर पंधरा दिवसांत बरा होत नाही, आणि वेदनेबद्दल कोणाला शंका असेल तर ड्रेसिंगच्या वेळी येऊन उभे राहावे. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोंडून ठेवले तर १२७. हेळसांडीने मृत्यू झाला तर १०६.

सगळ्यात धारदार कलम मात्र कोणाच्या डोक्यातच येत नाही. ते दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे. अर्धांगवायूने अधू झालेली आजी, कंपवाताचे आजोबा हे त्या कायद्याने दिव्यांग आहेत; कंपवाताचे नाव तर अनुसूचीतच आहे. दिव्यांग व्यक्तीचा ताबा किंवा देखभाल ज्याच्याकडे आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारले, तर कलम ९२ प्रमाणे किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे कैद, शिवाय दंड. ‘रात्री पाणी दिले तर डायपर ओले होते’ म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद करणारी सेंटर आहेत. मी हे तिथे काम केलेल्या मावश्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि सांगताना त्यांना त्यात काही गैर वाटतही नव्हते. याच कायद्याच्या कलम ७ नुसार छळाची खबर मिळाल्यावर कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे व्यवहारात तहसीलदार किंवा प्रांतांना, त्या माणसाला तिथून सोडवण्याचा आदेश देता येतो. दोन्ही विभागांनी ही कलमे एका पानावर छापून प्रत्येक पोलिस ठाण्यात आणि प्रत्येक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या उपचार विभागात, लावली तरी निम्मे काम होईल.

कॅज्युअल्टीबद्दल माझी स्वतंत्र मागणी आहे. विष घेतलेला, भाजलेला, मार लागलेला पेशंट आला की आम्ही विचार न करता एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद, करतो; पोलिसांना चिठ्ठी जाते आणि कागद तयार होतो. केअर सेंटरमधून तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीची जखम घेऊन, किंवा मनगटावर वळ घेऊन माणूस आला तर एमएलसी होत नाही. मी सुचवले तेव्हा ‘सिस्टर, म्हातारं माणूस आहे, कशाला?’ एवढेच उत्तर मिळाले आहे. सीएमओची, म्हणजे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरचीही, अडचण समजते. एमएलसी म्हणजे पुढे साक्षीला कोर्टाच्या फेऱ्या. म्हणूनच तो निर्णय त्या रात्रीच्या एकट्या डॉक्टरवर सोडू नये. वरून लेखी आदेश हवा: संस्थेतून आलेल्या प्रत्येक वृद्धाची पाठ, खुबे आणि टाचा उघडून बघायच्या, जखमेची पायरी, लांबी-रुंदी-खोली केसपेपरवर लिहायची, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा, आणि तिसऱ्या पायरीपासून पुढे एमएलसी सक्तीची. खर्च शून्य. आज ती जखम आमच्याकडे ‘बेडसोर, ड्रेसिंग डन’ एवढ्या शब्दांत संपते आणि वर्षभराने कोर्टात सेंटरचा वकील विचारतो, ती तुमच्या वॉर्डात झाली नाही कशावरून?

मृत्यूचेही तसेच. रुग्णालयातल्या मृत्यूचे कारण नमुना ४ या सरकारी फॉर्मवर प्रमाणित होते, बाहेरच्या मृत्यूचे ४अ वर. केअर सेंटर स्वतःला संस्था म्हणवत नाही, त्यामुळे ओळखीच्या डॉक्टरला बोलावून ४अ भरून घेतला जातो, कारण म्हणून वार्धक्य लिहिले जाते, आणि मुलगा परदेशातून येईपर्यंत अस्थीच उरतात. शुश्रूषागृह म्हणून नोंदणी झाली की हा मार्ग बंद होईल. एका जागेतून वर्षात किती माणसे गेली, हा साधा आकडा आज कोणाकडे आहे?

हे पत्र खुले आहे, तेव्हा ते नातेवाईकही वाचतील. त्यांच्यासाठी थोडे लिहिते, सचिवसाहेबांनी तेवढे सांभाळून घ्यावे. भेटायला न सांगता जा, आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर आणून बसवलेल्या आईला भेटून परत फिरू नका. तिची खाट बघा, चादर बाजूला करा, टाचा बघा, पाठीला हात लावा. संकोच होतो हे माहीत आहे, विशेषतः मुलांना. बायकोला, बहिणीला, ओळखीच्या सिस्टरला बरोबर न्या. जखम दिसली तर फोटो काढा, मॅनेजरशी बोलणे लेखी ठेवा, व्हॉट्सॲपवरचे सगळे मेसेज आणि बिले जपा, आणि सीसीटीव्हीचे चित्रण राखून ठेवावे असे त्याच दिवशी लेखी कळवा, कारण ते काही दिवसांत पुसले जाते. आधी माणसाला तिथून हलवून सरकारी रुग्णालयात न्या आणि एमएलसी मागा. पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर पोच मागा, नंतर पोलिस अधीक्षकांकडे लेखी पाठवा, तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. संशयास्पद मृत्यू असेल तर शवविच्छेदन मागायला कचरू नका. चितेनंतर काही सिद्ध होत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे: पैसे घेऊन दिलेली सेवा निकृष्ट होती, एवढेच तिथे दाखवायचे असते. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, पाच लाखांपर्यंत पैसे मोजले असतील तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही. दाखल करताना ‘काही झाल्यास आमची जबाबदारी नाही’ या कागदावर तुम्ही सही केलेली असेल, ती सगळ्यांनीच केलेली असते. त्या सहीने गुन्हा माफ होत नाही, आणि असा करार अन्याय्य ठरवून घ्यायला राज्य आयोगाकडे जाता येते. काय करावे सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन निदान बोलायला तरी आहे.

परदेशातल्या मुलांचे मला नेहमी नवल वाटते. न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाला तिथल्या कुठल्याही नर्सिंग होमचा सरकारी तपासणी अहवाल घरबसल्या वाचता येतो. किती परिचारिका, किती बेडसोर, शेवटच्या तपासणीत काय दोष निघाले, सगळे. १९८७ च्या कायद्याने तिथे शिस्तीसाठी किंवा सोयीसाठी बांधून किंवा औषधाने गुंगवून ठेवायला बंदी घातली, आणि २००८ पासून प्रत्येक जागेला सरकारच तारे देते. म्हणून तिथे सगळे आलबेल आहे असे नाही; तिथेही खटल्यांचा ढीग आहे. पण खटला उभा राहतो तो त्या अहवालांच्या जोरावर. तोच माणूस पुण्यातल्या आईसाठी जागा शोधताना गुगलवरचे तारे मोजतो, जे सेंटरच्या मालकाचे भाचे-पुतणे देतात.

आपल्याकडून येणारा आक्षेप मला आधीच ऐकू येतो आहे: कडक नियम लावले तर सेंटर बंद पडतील, मग ही माणसे जाणार कुठे? आक्षेप खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. छाप्यानंतर त्याच रात्री चाळीस खाटा कोणाकडे असतात? २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे, ती पाळायची सक्ती मात्र सरकारवर नाही. म्हणून पहिल्याच दिवशी कुलूप लावा असे मी म्हणत नाही. नोंदणीला सहा महिने द्या. लहान सेंटरना परिचारिका परवडत नसेल तर तीन-चार जणांनी मिळून एक ठेवायची मुभा द्या. मावश्यांसाठी जिल्हा रुग्णालयात पंधरा दिवसांचे प्रशिक्षण सुरू करा. शिकवायला आमच्यासारख्या निवृत्त सिस्टर फुकट येतील. जिथे जिवाला धोका दिसेल तिथे बंद करण्याऐवजी प्रशासक नेमायची सोय नियमांत करा, म्हणजे मालक हलेल आणि माणसे हलणार नाहीत. आणि या सगळ्याला विरोध कोण करते ते बघा. चांगली सेंटर चालवणाऱ्या बायका मला भेटून सांगतात की नोंदणी हवी आहे, कारण निम्म्या दरात वीस जणांना कोंडणाऱ्यांपुढे त्यांचा टिकाव लागत नाही.

परिपत्रक निघाले तर तपासणीच्या बाबतीत एक विनंती. सकाळी अकरा वाजता, आधी फोन करून, चहा-बिस्किटांसाठी जाऊ नका. अकरा वाजता सगळीकडे फिनेलचा वास आणि इस्त्रीच्या चादरी असतात. रात्री दोनला जा, बरोबर एक परिचारिका न्या. दार उघडायला किती वेळ लागतो तो मोजा. किती माणसे आहेत आणि जागे कर्मचारी किती, ते लिहा. कूस बदलल्याचा तक्ता मागा, आणि त्यावर पहाटे चार आणि सहाच्या सह्या आधीच झालेल्या आहेत का ते बघा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका

प्रत, माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
१. सर्व जिल्हाधिकारी
२. सर्व महापालिका आयुक्त
३. सर्व जिल्हा शल्यचिकित्सक
४. सर्व पोलिस अधीक्षक व पोलिस आयुक्त
५. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग, मुंबई